अनसाबाईंचा पंचमीचा साप

बटणांच्या फोनवर माझा राग आहे, आणि तो निव्वळ धंद्याचा राग आहे. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारपेठेत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. टचचा फोन कसा, हातातून पडला की फुटतो, पाण्यात भिजला की बंद पडतो, आणि आपण नाही पाडला तर घरातलं लेकरू पाडतं. माझं घर त्याच्यावर चालतं. बटणांचा फोन उसाच्या पाटात पडतो, शेणात पडतो, बैलाच्या पायाखाली जातो, आणि मालक तो धोतराला पुसून पुन्हा कानाला लावतो. असल्या वस्तूवर दुरुस्तीवाल्यानं जगावं कसं?

त्यामुळे वडगाव रासाईच्या अनसाबाई दुकानात शिरल्या की माझं तोंड आपोआप वाकडं होतं, असं माझी बायको एस्थर म्हणते. ती दुकानात रिचार्ज आणि कव्हरं बघते, आणि मधूनमधून माझं तोंडही बघते. अनसाबाई पासष्टीच्या आसपासच्या, अंगानं काटक, बोलायला मोकळ्या. त्यांचा फोन मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याची फक्त चार बटणं झिजलेली होती. दोन, चार, सहा आणि आठ. त्यांच्यावरचे आकडे पार पुसून गेले होते, बाकीची बटणं मात्र कालच डब्यातून काढल्यासारखी. एवढ्यावरून कुणाही दुरुस्तीवाल्याला कळतं की हा फोन बोलायला कमी आणि साप खेळायला जास्त वापरतात.

साप म्हणजे तोच. काळ्या ठिपक्यांची एक काडी सरकत राहते, समोर एक दाणा येतो, तो गिळला की काडी थोडी वाढते. भिंतीला किंवा स्वतःच्याच अंगाला डोकं लागलं की खेळ खलास. ना रंग, ना गाणी. माझ्या दुकानात दिवसभर पोरं नव्या फोनवर गेम खेळताना दिसतात, आणि खरं सांगतो, ती खेळत कमी आणि समोर आलेल्या जाहिरातीवर फुली शोधत जास्त बसतात. हा साप कुणाला काही मागत नाही. हरलात तर दोष द्यायलाही कुणी सापडत नाही. साप आपला, शेपूट आपलं, आणि चावलो आपणच. म्हणूनच की काय, मेल्याबरोबर वाटतं, आता एकदाच. अनसाबाईंचं ते ‘एकदाच’ बरीच वर्षं चाललेलं आहे.

त्यांचा मुलगा ज्ञानेश रांजणगावच्या एका कंपनीत आहे. त्यानं आईला चांगला टचचा फोन आणून दिला, तोही माझ्याच दुकानातून. मला वाटलं, सुटलो. अनसाबाईंनी तो नव्या खणात गुंडाळून पेटीत ठेवला. रविवारी मुलाचं तोंड बघायला बाहेर काढतात आणि बघून झालं की पुन्हा खणात गुंडाळतात. त्यात तोच सापाचा खेळ भरून देतो म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी त्यांना प्लास्टिकचं मेंढरू देऊ करत होतो.

मेंढरू उगाच म्हटलं नाही. अनसाबाईंचं माहेर मेंढपाळांचं. लहानपणी त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ म्हाळू कळपामागं गावोगाव पायी फिरलेले. आता मेंढरं गेली, सगळे शेतीला लागले. म्हाळू भीमेच्या पलीकडं, दौंड तालुक्यात, केडगावच्या बाजूला ऊस आणि कांदा करतो. पण अनसाबाईंच्या हातातली ती जुनी सवय गेलेली नाही. साप कसा खेळायचा हे त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. “म्होरलं मेंढरू कुनाच्याबी धेनात ऱ्हातंय, मॅन्यूभाऊ. कुनाच्या ज्वारीत तोंड घालतंय ते मागलं. तवा मागल्याकडं बघायचं.” मी इमॅन्युएल, पण इथं सगळे मला मॅन्यूभाऊच म्हणतात. मी मागल्याकडे बघून खेळलो आणि पहिल्याच वळणावर भिंतीला धडकलो.

तर या भावंडांची एक पैज आहे. दोघांकडे एकाच दिवशी घेतलेले एकसारखे फोन, दोघांचा एकच खेळ. रोज संध्याकाळी म्हाळूचा फोन येतो आणि तो म्हणतो, “आक्का, आधी तू सांग.” अनसाबाई आपला आकडा सांगतात. मग म्हाळू आपला सांगतो, आणि तो नेमका थोडा जास्त निघतो. दरवेळी थोडाच, पण जास्त. अनसाबाई हळहळतात आणि पुन्हा खेळायला बसतात. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, तुमच्या भावाला देवानं अंगठा काही वेगळाच दिलाय.

पैजेचा निकाल लागतो नागपंचमीला. मी ख्रिस्ती, शिरूरच्या चर्चच्या जुन्या मंडळीतला, तिथला पंचही आहे. आमच्यात पंचमी नाही. पण या भागात राहणाऱ्याला ती न पाळताही तोंडपाठ होते. पंचमीला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला तिचा भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. लग्नानंतरची बरीच वर्षं म्हाळू यायचा. नदीपलीकडून पायी यायचा, बहिणीची पिशवी खांद्याला अडकवायचा आणि दोघं गप्पा मारत पायी परत जायची. पुढे रस्ते झाले, जीपा झाल्या, आणि म्हाळू यायचा थांबला. म्हणाला, आता दारात जीप मिळते, बस आणि ये, मुराळी कशाला?

जीपा आल्या म्हणून भाऊ यायचा थांबावा, हे अनसाबाईंना कधी पटलं नाही. म्हणून त्यांनी पैज घातली. पंचमीपर्यंत माझा साप मोठा झाला, तर तू मला न्यायला यायचंस. तुझा मोठा झाला, तर मी आपली जीपनं येईन. आणि तेव्हापासून त्या दर पंचमीला जीपनंच जातात. जीपमध्ये बसताना ड्रायव्हर विचारतो, एकट्याच का? तो सगळ्यांनाच विचारतो, त्याला सीट भरायच्या असतात. पण अनसाबाईंना ते लागतं. हे मला सांगताना त्या हसल्या, आणि मग बराच वेळ स्वच्छ असलेला फोन पदरानं पुसत बसल्या.

आता पंचमीची दुसरी बाजू. त्या दिवशी अनसाबाईंच्या घरात तवा चुलीवर चढत नाही, विळी भिंतीवरून खाली उतरत नाही, कुदळ कोपऱ्यातून हलत नाही. नागाला चटका बसू नये, घाव लागू नये, म्हणून. या तिघांच्या जोडीला अनसाबाईंनी आपल्या मनानं चौथी वस्तू बसवली आहे, ती म्हणजे फोनमधला साप. पंचमीला तो खेळायचा नाही. खेळला की तो मरणार, कारण त्या खेळात साप शेवटी दुसरं काही करतच नाही. आदल्या दिवशी चतुर्थीला भावाच्या नावानं उपवास करायचा आणि दुसऱ्या दिवशी साप मारायचा, हे कसं चालेल? म्हाळूलाही त्यांनी हे बजावून ठेवलंय. त्यानं ते लगेच मान्य केलं होतं.

यंदा पंचमीच्या दिवशी सकाळी मी नुकतंच शटर वर केलं होतं. समोर जीप थांबली आणि अनसाबाई उतरल्या. फोन दोन्ही हातांच्या ओंजळीत आडवा धरलेला, जणू प्रसादाचं तीर्थ सांडेल. पिशवी कोपराला लटकलेली. आल्या त्या थेट काउंटरवर फोन ठेवून म्हणाल्या, “मॅन्यूभाऊ, आधी चार्जिंगला लावा. बोलू मग.”

बॅटरीची एकच काडी उरली होती आणि त्यांच्या वस्तीवर लाइट नव्हती. मी जुन्या गोल पिनचा चार्जर शोधून लावला. मग त्या स्टुलावर बसल्या आणि झालेला प्रकार सांगू लागल्या.

चतुर्थीच्या संध्याकाळी उपवासाच्या पोटी त्या ओट्यावर खेळत बसल्या होत्या. अंगठा इतका हलका चालला म्हणे, की साप वाढतच गेला. म्हाळूनं सांगितलेला सगळ्यात मोठा आकडा मागे पडला. आख्खा पडदा सापानं भरून गेला आणि दाण्याला पडायला जागा उरेना. तेवढ्यात म्हाळूचाच फोन आला, आक्का, आधी तू सांग. फोन आल्याबरोबर खेळ जागच्या जागी थांबला, जसा या फोनवर थांबतो. अजून चालू हाय, एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. पण तोवर दिवेलागण झाली होती. दिवे लागल्यावर अनसाबाई सापाचं नावसुद्धा घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात, मग हात कुठून लावणार? सकाळी संपवू म्हणून त्या झोपल्या. सकाळी आंघोळ केली, पाटावर चंदनानं नाग काढला, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवला, नमस्कार केला आणि त्याच हातानं सापासाठी फोन उचलला.

“म्होरं पाटावर नाग, आन् हातात नाग,” अनसाबाई म्हणाल्या. “तसाच धरला आन् तुमच्याकडं आले बघा.”

मला अजून अडचण नीट कळली नव्हती. उद्या संपवा की, मी म्हणालो. तर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. पैज पंचमीपर्यंतच असते. शिवाय म्हाळूनं एक नियम घालून ठेवला होता की चालू खेळाचा आकडा धरायचा नाही. साप मेल्यावर फोन जो ‘टॉप स्कोअर’ म्हणून ठेवतो, तोच खरा. म्हणजे साप मेल्याशिवाय आकडा लागत नाही, आणि आज पंचमी असल्यामुळे साप मारता येत नाही. आज आकडा लागला तर भाऊ न्यायला येणार. नाही लागला तर पुन्हा जीप, पुन्हा एकट्याच.

मी त्यांना सांगितलं की साप न मारता आकडा काढायची सोय कंपनीनं केलेली नाही. त्यांनी मान हलवली. हे त्यांना माहीत होतं. मग जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “तुमच्यात चालतंय न्हवं?”

काय चालतं, मी विचारलं.

“साप मारल्याला. तुमच्या देवानंच सांगितलंय म्हणं, त्याचं डोकं ठेचायचं.”

हे त्यांना कुणी सांगितलं ते मला तेव्हाच कळलं, कारण एस्थर एकदम कव्हरांच्या खोक्यात काहीतरी शोधायला लागली. मला राग आला. मी म्हणालो, आमच्यात चालतं म्हणजे आम्ही काय साप मारायची कंत्राटं घेतो का? बायबलातल्या त्या उत्पत्तीच्या वचनाचा अर्थ वेगळा आहे. मंडळीचा पंच आहे मी, उद्या कुणी ऐकलं तर काय म्हणेल? अनसाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “व्हय. पन एकदा भिंतीवर धडकवायचाच हाय, तुमाला तेवढं जमतंय.” मला तेवढं जमतं हे त्यांनी पूर्वी पाहिलेलं होतं.

शेवटी मी फोन उचलला. खेळ पुढे चालू करायचा, साप भिंतीवर न्यायचा, आकडा लागला की फोन परत द्यायचा. अनसाबाईंनी डोळे मिटून तोंड गल्लीकडे फिरवलं. मी बटण दाबलं. पडद्यावर तो साप आला आणि माझा अंगठा थबकला. असा साप मी आयुष्यात पाहिला नव्हता. वेटोळ्यावर वेटोळं, मधे दोन-चार ठिपक्यांची मोकळी जागा, आणि त्यातही तो न अडखळता सरकत होता. याला मी भिंतीवर घालायचं? निदान एक दाणा तरी खाऊ दे म्हणून मी त्याला वळवला, आणि तेवढ्यात फोन वाजला. म्हाळू. साप जागच्या जागी थांबला.

उचलू नका, अनसाबाई म्हणाल्या, सकाळपासून वाजतोय, मी उचललेला नाही. उचलला तर तो आकडा विचारेल, आकडा लागलेला नाही, आणि सणाच्या दिवशी खोटं बोलता येत नाही. फोन वाजून थांबला. मी पुन्हा खेळ सुरू केला, पुन्हा फोन वाजला. मग पुन्हा तसंच. मी साप भिंतीजवळ न्यावा आणि पलीकडून म्हाळूनं त्याला वाचवावा, असं किती तरी वेळ चाललं. एस्थरनं चहा आणला तोही गार झाला. दोन गिऱ्हाइकं स्क्रीनगार्ड बसवायला आली होती, ती स्क्रीनगार्ड विसरून माझ्या खांद्यावरून साप बघत उभी राहिली.

मग फोन वाजायचा थांबला.

मी अंगठा सावरून बसलो, म्हटलं आता निवांत धडकवू. अनसाबाईंनी एकदम हात पुढे करून फोनवर तळवा ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता. आजवर म्हाळूचा फोन असा मधेच थांबला नव्हता. उचलेपर्यंत तो लावत राहतो, हा त्याचा स्वभाव. त्यांनी मला माझ्या फोनवरून त्याला लावायला सांगितलं. लागेना. पुन्हा लावला, तरी रेंजच्या बाहेर.

“काल त्याच्या नावानं उपास केला,” अनसाबाई म्हणाल्या, “आन् आज त्याच्याच नावाचा नाग दुसऱ्याच्या हातानं मारायला आले. कुनाचा हात हाय ते देवाला दिसत न्हाई व्हय?”

 खरं म्हणजे मलाही जरा भीती वाटली होती, आणि पंच असून भीती वाटली म्हणून राग आला होता. अनसाबाई उठल्या. साप राहू दे तसाच, म्हणाल्या. मी हरले म्हणून सांगते आणि जीपनंच जाते. म्हाळू ठीक असला म्हणजे झालं. त्यांनी पिशवी कोपराला अडकवली.

तेवढ्यात दुकानासमोर दुधाचा टेम्पो थांबला आणि त्यातून म्हाळू उतरला. उतरला म्हणजे सांडला. साठीचा उंच गडी, डोक्याला पटका, पण चेहरा असा हिरवा की मला वाटलं याला खरंच काहीतरी चावलंय. त्यानं बहिणीकडे बघितलं, ती उभी आहे याची खात्री केली, आणि बाजूच्या गटारीवर जाऊन वाकला. बराच वेळ वाकून होता. अनसाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. एस्थरनं पाणी नेऊन दिलं.

चूळ भरून तो पायरीवर बसला तेव्हा सगळं कळलं. बहीण फोन उचलत नाही, ज्ञानेश शिफ्टला, त्याचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये. म्हाळूला राहवेना. मिळेल त्या गाडीत बसून तो वडगाव रासाईला पोचला, तर घराला कडी. शेजारच्या स्वप्नालीनं सांगितलं की आत्या फोन दोन्ही हातांत धरून रडवेल्या तोंडानं तळेगावला गेल्या. तेवढ्यावर तो दुधाच्या टेम्पोत चढला. वाटभर तो फोन लावतच होता, टेम्पोत मात्र रेंज गेली.

“मला वाटलं, ग्येलीस,” म्हाळू म्हणाला.

अनसाबाईंनी पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. “म्हंजी तू आलास न्हवं,” त्या म्हणाल्या. “न्यायला आलास.” तो म्हणाला, न्यायला कुठं, मेलीस का जित्ती हायस ते बघायला आलो. त्या म्हणाल्या, तेच ते.

इथं ही गोष्ट थांबायला हरकत नव्हती. पण अनसाबाईंनी इतकी वर्षं हार खाल्लेली. त्यांनी माझ्याकडून फोन घेतला, चार्जरच्या वायरीसकट भावापुढं धरला आणि साप दाखवला. म्हाळू बघत राहिला. मग एकाएकी त्याला पंचमीची फार आठवण झाली. आज हात लावू नये, म्हणाला, राहू द्यावा बिचाऱ्याला. चालू आकडा तर आपण धरतच नाही. बरं, म्हणाल्या अनसाबाई, माझा नको धरूस. तुझा दाखव. तुझा तर लागलेला आहे ना?

म्हाळू म्हणाला, फोन घरी राहिला.

“मग मगाधरनं काय काठीवरनं फोन लावत हुतास व्हय रं?”

आणि त्यांनी सरळ त्याच्या बंडीच्या खिशात हात घातला. फोन निघाला तो मी आधी बघितला, कारण सवय. दोन, चार, सहा, आठ, चारही बटणं कोरी करकरीत. हिरवं आणि लाल बटण तेवढं झिजलेलं. मी काही बोलायच्या आत अनसाबाईंनी खेळात जाऊन टॉप स्कोअर काढला होता. त्यांनी तो एकदा वाचला, मग फोन लांब धरून वाचला, मग माझ्याकडे दिला. मी वाचला.

बावीस.

बावीस म्हणजे साप नीट सापही झालेला नसतो. बावीस माझा पहिल्या दिवशीचा आहे.  स्क्रीनगार्डवाल्यांपैकी एकजण हसला, तर एस्थरनं त्याच्याकडे असं बघितलं की तो कव्हरांच्या किमती वाचायला लागला.

म्हाळू पायरीकडे बघत बोलला. “मला गाडी लागते, आक्का.”

तेवढंच होतं ते. आयुष्यभर मेंढरांमागं पायी हिंडलेला माणूस. पायी तो कुठंही जाईल, पण गाडीत चढला की पोट ढवळतं. जीपा सुरू झाल्यावर तो पहिल्यांदा जीपनं बहिणीला न्यायला निघाला होता, आणि अर्ध्या वाटेत एका नवरीच्या शालूवर... पुढचं त्यानं सांगितलं नाही. तेव्हापासून त्यानं गाडीचं नाव टाकलं. जीपा असताना पायी आलो तर लोक चिक्कू म्हणतील, खरं सांगितलं तर एवढा बापई माणूस बायकांसारखा गाडीला भितो म्हणून हसतील. मग आक्कानं पैज घातली आणि त्याला वाट सापडली. बहिणीनं आकडा सांगायचा, त्यानं त्याच्यावर थोडा चढवायचा. उगाच फार चढवला नाही, म्हणाला, तुला वाईट वाटू नये म्हणून.

अनसाबाई भडकल्या. आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द दगडासारखा टाकत होत्या. इतकी वर्षं त्या खरा आकडा सांगून हरल्या होत्या. इतक्या वर्षांच्या पंचम्या, जीपच्या मागच्या फळीवर एकट्या बसून, माझाच अंगठा कमी पडतो म्हणून स्वतःला बोल लावत. एकदा सांगायचं तरी. म्हाळूनं मान वर केली नाही. मला वाटलं, आता या काही माहेरी जात नाहीत, सरळ वडगावची जीप धरणार.

त्या बोलायच्या थांबल्या. त्याच्या तोंडाचा रंग अजून परतला नव्हता. धोतराच्या काठाला टेम्पोतल्या प्रवासाच्या खुणा होत्या. एकदा नव्हे, दोनदा गाडीत बसून आला होता तो, सणाच्या दिवशी, रिकाम्या पोटी.

“आन् आज कसा चढलास?” त्यांनी विचारलं.

म्हाळू म्हणाला, “तू फोन उचलंना.”

अनसाबाईंनी पदर तोंडाशी धरला. त्या रडल्या की हसल्या ते मला सांगता येणार नाही. एस्थर म्हणते दोन्ही. मग एकदम काम निघाल्यासारख्या त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, प्लास्टिकच्या पिशव्या किती आहेत तुमच्याकडे? मी दिल्या. दुकानाचं नाव छापलेल्या चांगल्या जाड पिशव्या, गिऱ्हाइकाला देताना मी हात आखडतो, त्या दिवशी मूठभर दिल्या. एस्थरनं लिंबू आणून दिलं. केडगावकडे जाणारी जीप आली. अनसाबाईंनी ड्रायव्हरला बजावलं की खिडकीची जागा त्याला आणि शेजारची मला. म्हाळूनं बहिणीची पिशवी उचलून खांद्याला अडकवली. ड्रायव्हरनं विचारलं, किती जण? “दोघं,” अनसाबाई म्हणाल्या, आणि तेही गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

फोन न्यायचा राहिला म्हणून मी वायर काढून धावलो, तर त्यांनी खिडकीतून हात हलवला. राहू द्या तिथंच, म्हणाल्या, चार्जिंगला. पंचमी निघून जाऊ द्या. मी आल्यावर बघू. जीप वळली तेव्हा म्हाळूचं डोकं बहिणीच्या खांद्यावर होतं आणि त्याच्या तोंडापुढं तिनं माझ्या दुकानाची पिशवी धरली होती.

तर आता तो साप माझ्याकडे आहे. काउंटरच्या कोपऱ्यात, गोल पिनच्या चार्जरवर. कुणी हात लावू नये म्हणून मी त्याच्यावर काचेची एक बरणी उपडी घातलीय. बाजारच्या दिवशी माणसं तो बघायला येतात आणि काही न घेता जातात. मला रोज त्यांच्यावर ओरडावं लागतं. एस्थर म्हणते, ओरडतोस पण साप दाखवताना काच तूच पुसतोस.

अनसाबाईंचा फोन संध्याकाळी येतो, म्हाळूच्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून. साप कसा हाय, विचारतात. जिवंत आहे, मी सांगतो. मागे पलीकडून कसले कसले बीप ऐकू येतात. अनसाबाई सांगतात की त्या म्हाळूला शिकवतायत आणि त्यानं चाळिशी गाठली. दोन-तीन दिवसांनी मी विचारलं, मावशी, कधी येताय? त्या म्हणाल्या, “म्हाळू सोडायला येनार हाय. पन गाडी नको म्हणतोय, चालतच येऊ म्हणतोय. पाऊस उघडला की निघतो.”

मी दुकानाच्या दारात येऊन वर बघितलं. पंचमीपासून आमच्याकडे पावसाचा एक थेंब पडलेला नव्हता, आणि केडगाव तर आमच्याहून कोरडं. मी म्हणालो, बरोबर आहे, एवढ्या पावसात निघू नका.